बास गिटारची केबल घेताना

सोनपेठहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दिवसा किराणा दुकानात हिशेब लिहितो आणि हंगामात एका पार्टीबरोबर बास गिटार वाजवायला जातो. उरुसातल्या कव्वाल्या, जयंतीतली भीमगीते, लग्नाच्या हळदीचे कार्यक्रम, जे मिळेल ते. एका रात्रीचे सातशे रुपये मिळतात. वर्षभरात त्याच्या गिटारच्या तीन वायरी गेल्या. तिसरी ऐन कार्यक्रमात बंद पडली, तेव्हा पार्टीवाल्याने निम्मेच पैसे हातावर ठेवले. आता मुलगा साडेतीन हजारांची परदेशी केबल मागतो आहे. "मी शिलाईवर घर चालवते. वायरीला एवढे पैसे असतात का? की पोराला कोणी बनवते आहे?" असे त्या विचारतात.

वायरीला एवढे पैसे असतात, आणि त्याहून जास्तही असतात. मुलाला कोणी बनवत नाही. पण त्याच्या कामाला एवढी महाग केबल लागत नाही, आणि दीडशेची वायर तर मुळीच चालत नाही. या दोन्हींच्या मधली वस्तू कशी ओळखायची, आणि ती परभणी जिल्ह्यात बसून कशी मिळवायची, ते या वेळी सांगतो. वाद्यसंगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या वादात हे सदर पडत नाही. ज्या घरात वाद्यावर कमाई येते, त्या घराचा पैसा वाया जाऊ नये, एवढेच आम्ही पाहतो.

आधी ही केबल करते काय, ते पाहू. बास गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत किंचित वीज उत्पन्न होते. ही वीज इतकी नाजूक की व्होल्टाच्या काही दशांशांतच तिचा कारभार. ती अँप्लिफायरपर्यंत सुखरूप नेणे हे केबलचे काम. म्हणून तिच्यात मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. ही जाळी परतीची वाटही असते आणि राखणदारही. मंडपातल्या ट्यूबलाईट, हॅलोजन, डिमर, जनरेटर यांची हवेतून येणारी घरघर ती आत शिरू देत नाही. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेतो. जाळी कच्ची असली की तोच हेलकावा स्पीकरमधून 'हुंऽऽऽ' असा ऐकू येतो.

इथेच पहिली फसगत होते. स्पीकरची जोड वायर, म्हणजे शेजारी शेजारी दोन तारांची, जाळी नसलेली, दिसायला जाड आणि दणकट असते. दुकानदारही बिनदिक्कत तिला दोन्ही टोकांना पिना लावून देतो. गिटारला ती लावली की घरघर ठरलेली. उलटही करू नये. अँप्लिफायरमधून स्पीकरच्या पेटीला जाणारा प्रवाह मोठा असतो. तिथे गिटारची बारीक तारेची केबल लावली तर ती तापते आणि अँप्लिफायरही धोक्यात येतो. पिना दोन्हीकडे सारख्याच असल्यामुळे हा घोटाळा होतो. दोन्ही केबलींना वेगळ्या रंगाची टेप गुंडाळून ठेवली की अंधारातही चूक होत नाही.

या पिनेला आपल्याकडचे मेकॅनिक 'पी-३८' म्हणतात. जाडी सव्वासहा मिलिमीटरहून किंचित जास्त. ती मुळात गिटारसाठी बनलेलीच नाही. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मुली एका गिऱ्हाइकाची लाईन दुसऱ्याला जोडायला जी खुंटी खुपसत, तीच ही. लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणली, तेव्हा तिलाही हीच पिन लागत होती आणि आजही लागते. आपल्या हिंदी सिनेसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत, आणि त्या ठेक्यावर गावोगावच्या ऑर्केस्ट्रांनी आपली बास बसवली. त्या काळापासून आजपर्यंत पिनेचा आकार बदललेला नाही, ही गरिबाच्या सोयीची गोष्ट आहे. कोणत्याही कंपनीची पिन कोणत्याही गिटारला बसते.

आता मुद्द्यावर येऊ. तीन वायरी गेल्या म्हणजे नेमके काय गेले? आमचा अंदाज असा की तिन्हींची वायर आजही ठणठणीत असेल. गेली असतील ती टोके. केबल मधोमध क्वचितच तुटते. ती तुटते पिनेच्या तोंडाशी, जिथे वायर आत शिरते आणि वाजवणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला वाकते. स्वस्त केबलीत पिन आणि वायर एकत्र रबरात ओतलेली असतात. दिसायला गुळगुळीत, पण उघडता येत नाही. आत डाग सुटला, तार तुटली, की अख्खी केबल कचऱ्यात. वरचे रबर कापून दुरुस्त करायला गेले तर पिनेचे दोन तुकडे हातात येतात. म्हणून आमचा पहिला नियम असा: ज्या पिनेचे टोपण फिरवून उघडत नाही, ती केबल घेऊच नये. स्वस्तात मिळो की महागात.

टोपण उघडले की आत तीन गोष्टी पाहाव्यात. मधल्या तारेचा डाग चकचकीत आणि पसरलेला आहे का? मळकट, दाणेदार, थेंबासारखा वर बसलेला डाग म्हणजे कच्चा डाग, आज ना उद्या सुटणार. दुसरे, वायरला पकडणारा चिमटा तिच्या बाहेरच्या रबरी आवरणावर घट्ट बसला आहे का? तो नुसत्या जाळीवर बसवला असेल तर सगळा ताण नाजूक डागांवर येतो. पुष्कळ केबली याच एका कारणाने मरतात. तिसरे, पिनेचे टोक बोटात धरून फिरवून पाहावे. ते जरा जरी हलले तरी ती पिन परत करावी, कारण ते खिळ्यासारखे ठोकून बसवलेले असते आणि एकदा सैल झाले की करकर सुरू होते.

पिनांमध्ये न्यूट्रिक हे नाव जगभर चालते. १९७५ साली लिक्टेनस्टाईन या चिमुकल्या देशात सुरू झालेली ही कंपनी. तिच्या पिनेत वायर पकडायला प्लास्टिकचा चिमटा असतो आणि टोपण पिळत गेले की तो आवळत जातो. अस्सल पिन अडीचशे-तीनशे रुपयांच्या आसपास पडते. पन्नास-साठ रुपयांत न्यूट्रिक मिळत असेल तर ती नक्कल समजावी. नाव न पाहताही चांगली पिन ओळखता येते: हातात वजनदार लागते, आटे गुळगुळीत फिरतात आणि आतला चिमटा वायरला सोडत नाही.

वायरीकडे वळू. जाळी तीन तऱ्हेची मिळते. विणलेली जाळी सर्वांत टिकाऊ, पण थोडी ताठ. एका दिशेने गुंडाळलेली जाळी मऊ आणि स्वस्त, पण वारंवार पिळली गेली की तिच्यात फटी पडतात. तिसरी चांदीसारख्या कागदाची. ती भिंतीत कायमची बसवायला उत्तम, मंचावर मात्र दोन हंगामांत तिचे तुकडे होतात. फिरतीच्या वादकाने विणलेलीच घ्यावी. तांब्याबाबत एक सावधगिरी हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या वायरी बाजारात भरपूर आहेत. त्या हलक्या असतात, डाग नीट धरत नाहीत आणि वाकवून वाकवून लवकर तुटतात. टोकाची एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी चमक दिसली तर वायर दुकानात ठेवून यावे. पण आधी नीट पाहावे, काही अस्सल तांब्याच्या तारांवर वरून कथलाचा पांढरा लेप असतो. तिथे खरवडल्यावर आत तांबूस दिसते.

चांगल्या गिटार वायरीत जाळीच्या खाली काळ्या, वीजवाहक प्लास्टिकचा एक पातळ थर असतो. वायर पायाखाली आली, आपटली की होणारा 'ठप-ठप' आवाज तो दाबतो. दुकानात अँप्लिफायर असेल तर केबल गिटारला लावून, आवाज वाढवून, तारांवर तळहात ठेवून केबल फरशीवर आपटून पाहावी. स्पीकरमधून ठपका मोठा आला तर हा थर नाही, किंवा कच्चा आहे. जपानची कनारे, मोगामी या कंपन्यांची वायर अशी असते आणि ती मीटरवर विकली जाते. आपल्याकडच्या साऊंडवाल्यांच्या बाजारात त्याहून स्वस्त, बऱ्यापैकी वायरीही मिळतात. नावापेक्षा वरच्या कसोट्या लावाव्यात.

आता साडेतीन हजार कशाचे, ते सांगतो. सोन्याचा मुलामा, 'ऑक्सिजनमुक्त तांबे', वायरीवर छापलेले बाण. सोने गंजत नाही हे खरे. पण पिनेवरचा मुलामा इतका पातळ की रोजच्या खुपसण्या-काढण्याने तो उडतो, आणि गिटारचे भोक तर निकेलचेच असते. बाणांचे म्हणाल तर गिटारचा संदेश दोन्ही दिशांना सारखाच हेलकावतो, त्याला बाण कळत नाही. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा हिशेब त्याहून सोपा. सहा मीटर केबलच्या मधल्या तारेचा अडथळा एक ओहमही भरत नाही. पिकअपमधल्या बारीक तारेचा अडथळा मात्र साधारण सात ते अकरा हजार ओहम असतो. दहा हजारांच्या पुढे पावाचा फरक कानाला कसा कळणार? राहिली आयुष्यभराची हमी. ती खोटी नसते, काही कंपन्या खरोखर केबल बदलून देतात. पण त्यासाठी पावती सांभाळणे, पार्सल पाठवणे, वाट पाहणे आले. ज्याचा कार्यक्रम परवा आहे, त्याला गावातला डाग देणारा माणूस या हमीपेक्षा जवळचा.

लांबीचा मात्र आवाजावर खरा परिणाम होतो. मधली तार आणि जाळी शेजारी शेजारी धावतात, त्यामुळे केबल स्वतःच एखाद्या लहान कपॅसिटरसारखी वागते आणि वरच्या पट्टीतला आवाज थोडा थोडा गिळते. साधारण चांगल्या वायरीत मीटरमागे १०० ते १६० पिकोफॅरड असा हा गुण मोजतात. ज्या बासमध्ये बॅटरी नसते, तिच्यावर २५० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल धरू आणि तो मध्यावर आणला असे समजू. १३० पिकोफॅरडची सहा मीटर केबल असेल तर सव्वातीन हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज झडू लागतो. तीच केबल तीन मीटर असेल तर ही हद्द साडेसहा हजारांवर जाते. बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, तेव्हा गाभ्याला धक्का लागत नाही. पण बोटाचा टणत्कार, अंगठ्याचा ठोका, ज्याने बास गर्दीत वेगळी ऐकू येते, तो याच वरच्या भागात असतो. म्हणून घरी सरावाला तीन मीटर, मंचावर साडेचार-पाच मीटर पुरे. 'असू दे, कामाला येईल' म्हणून दहा मीटर घेऊ नये. बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर ही चिंता जवळजवळ राहत नाही. तिथे वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवायची मात्र आठवण ठेवावी, कारण बहुतेक गिटारींत पिन आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. कार्यक्रमात आवाज मरत गेला आणि दोष केबलवर आला, असे यामुळे कितीदा होते.

केबलवर ढकलला जाणारा आणखी एक दोष आहे. आपल्या लहान पार्ट्यांकडे बासचा वेगळा अँप्लिफायर नसतो. गिटार सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला जोडतात. मिक्सरचे साधे लाईनचे भोक कीबोर्डासाठी केलेले असते. बिनबॅटरीच्या बासला ते जड जाते आणि आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा दबतो. तिला दहा लाख ओहमच्या आसपासचे भोक लागते. मिक्सरवर 'हाय-झेड' लिहिलेले किंवा गिटारचे चित्र काढलेले भोक असेल तर तेच वापरावे. नसेल तर डीआय बॉक्स नावाची छोटी डबी मिळते. गिटारपासून डबीपर्यंत आखूड केबल आणि डबीपासून मिक्सरपर्यंत माईकची तीन पिनांची लांब वायर, अशी जोडणी केली की मिक्सर पन्नास फुटांवर असला तरी आवाजात घट नाही आणि घरघरही कमी. भगिनींच्या मुलाला साडेतीन हजार खर्चायचेच असतील तर ते एका केबलीवर घालण्यापेक्षा हजार-बाराशेची केबल आणि उरलेल्यात डीआय बॉक्स घ्यावा. फरक पहिल्याच कार्यक्रमात ऐकू येईल.

हजार-बाराशेची केबल आणायची कुठून? आमचे मत स्पष्ट आहे: सामान आणून गावात करून घ्यावी. पाच मीटर वायर आणि दोन चांगल्या पिना, एवढेच सामान. वायर देशी घेतली तर एकूण आठ-नऊशे, जपानी घेतली तर बारा-तेराशेपर्यंत जाते. भाव बदलते असतात, पण प्रमाण हेच. परभणीत किंवा परळीत साऊंडचे साहित्य विकणाऱ्यांकडे आधी विचारावे. तिथे विणलेल्या जाळीची वायर नसली तर परभणीहून जाणारी देवगिरी एक्सप्रेस एका अंगाला सिकंदराबादला नेते आणि दुसऱ्या अंगाला मुंबईला. हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, या तिन्ही ठिकाणी वायर मीटरवर आणि पिना सुट्या मिळतात. मुद्दाम तिकीट काढून जाऊ नये. कोणी नातलग तिकडे असेल, कोणी मालाला जात असेल, त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत फक्त 'गिटारची वायर' असे लिहू नये, 'एक तार, विणलेली जाळी, बाहेरची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास' असे लिहावे. पिनेचे भोकही त्या जाडीचे हवे, नाहीतर चिमटा बसत नाही.

डाग देणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. जो मोबाईलच्या बोर्डावर मुंगीएवढे भाग बसवतो, त्याला हे काम पाच मिनिटांचे. फक्त एक गोष्ट त्याला आधी सांगावी, कारण मोबाईलच्या कामात ती कधी येत नाही. जाळीखालचा तो काळा थर वीजवाहक असतो. मधल्या तारेचे टोक मोकळे करताना हा थर काही मिलिमीटर मागेपर्यंत सोलून काढावा लागतो. तो राहिला आणि मधल्या डागाला टेकला, तर केबल घरघरते, आवाज मरतो, आणि कारीगर डोके धरून बसतो की डाग तर पक्का आहे! थर सोलावा, दोन्ही टोकांना आधी कथील चढवावे, तापलेली कावी फार वेळ टेकवू नये, नाहीतर आतले प्लास्टिक वितळून तार जाळीला भिडते. टोपण आणि स्लीव्ह वायरीत आधीच ओवून ठेवावी. डाग देऊन झाल्यावर टोपण आठवले की सगळे पुन्हा सोडावे लागते. शेवटी मल्टीमीटर 'बीप'वर ठेवून तपासावे: टोक ते टोक वाजले पाहिजे, बूड ते बूड वाजले पाहिजे, टोक आणि बूड यांच्यात वाजता कामा नये. तपासताना दोन्ही तोंडांशी वायर वाकवून पाहावी. वाकवताना बीप अडखळली तर डाग पुन्हा.

मुलाने स्वतः हे शिकून घेतले तर उत्तमच. शे-दोनशेची कावी आणि तेवढ्याचाच मल्टीमीटर. पार्टीतल्या कीबोर्डवाल्याच्या, ऑक्टोपॅडवाल्याच्या, बेंजोवाल्याच्याही केबली त्याच्याकडे येऊ लागतील.

केबल कितीही चांगली घेतली तरी एका धोक्यापुढे तिचे काही चालत नाही. पत्रात तो विचारलेला नाही, पण आईने तो जाणून घ्यावा. गिटारच्या पोलादी तारा आतून केबलच्या जाळीला जोडलेल्या असतात. जाळी अँप्लिफायरच्या किंवा मिक्सरच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते, आणि ते अंग अर्थिंगमधून जमिनीला. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे थेट अर्थिंगला टेकलेली असतात. अर्थिंग खरे असेल तर हीच गोष्ट त्याला वाचवते. पण मंडपात तीन पिनांची तिसरी पिन मोडलेली असते, जनरेटरला अर्थची सळई ठोकलेली नसते, एक्स्टेंशन बोर्ड दोन तारांचा असतो. अशा वेळी एखाद्या यंत्रात वीज उतरली तर ती जाळीतून तारांवर येते. बोटे तारांवर आणि ओठ माईकला लागले की वाट पूर्ण होते. स्टोन द क्रोज या ब्रिटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली स्वान्सी येथे भरल्या मंचावर माईकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. तो नामांकित वादक होता. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या सतरंजीवर अनवाणी उभे राहून वाजवतात.

म्हणून मुलाला तीन सवयी लावाव्यात. केबल जोडण्यापूर्वी मिक्सर, अँप्लिफायर आणि माईकच्या धातूला टेस्टर लावून पाहणे. दिवा लागला तर गिटार जोडायची नाही, मग पार्टीवाला कितीही घाई करो. टेस्टर न पेटणे म्हणजे सगळे ठीक असे मात्र समजू नये, अर्थिंग आहे का हे साऊंडवाल्याला तोंडाने विचारावे. दुसरी, तिसरी पिन कधी तोडायची नाही. घरघर जावी म्हणून काही जण ती काढतात. घरघर जाते, आणि तिच्याबरोबर रक्षणही जाते. तिसरी, साऊंडवाल्याच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे विचारणे. गळती झाली की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. नसेल तर चार पार्ट्यांनी मिळून आग्रह धरावा. ही मागणी एका पोराने केली तर हसण्यावारी जाते, सगळ्यांनी केली तर ऐकावी लागते.

राहिली निगा. केबल कोपर आणि पंज्याभोवती गच्च गुंडाळू नये. तिने आतली जाळी पिळवटते. सैल, वीतभर घेराची वेटोळी करावीत, एक वेढा वरून तर पुढचा खालून, म्हणजे सोडताना गाठी पडत नाहीत. वाजवताना केबल आधी गिटारच्या पट्ट्यात अडकवून मग पिन लावावी. कोणी पाय दिला तर ओढ पट्ट्याला बसते, पिनेला नाही. यासाठी दमडी लागत नाही आणि केबलचे आयुष्य यानेच सर्वांत जास्त वाढते. गिटारचे भोक समोरच्या पट्टीवर असेल तर त्या टोकाला काटकोनी पिन घ्यावी, ती बाहेर डोकावत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात टेम्पोच्या पत्र्याखाली केबल दिवसभर पडली की आवरण चिकट होते, आणि रात्री उंदीर तेच कुरतडतो. भगिनी शिलाई करतात, तेव्हा जाड कापडाची नाडीची पिशवी घरीच होईल. आत दोन कप्पे करावेत. एकात रोजची केबल, दुसऱ्यात जादाची. जादाची साधी चालेल, पण कार्यक्रमाला जाताना ती पिशवीत हवीच. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, आणि रात्री दोन वाजता तिथे कोणते दुकान उघडे असणार?

तुटलेल्या तीन वायरी फेकल्या नसतील तर त्यांची ओतीव टोके चार-चार बोटे कापून टाकावीत आणि मधली वायर खरवडून पाहावी. तांबे निघाले आणि सभोवार जाळी असली, तर एक-एक मीटरचे तुकडे करून त्यांना साध्या उघडत्या पिना लावाव्यात. डीआय बॉक्स घेतला तर त्याला आणि ऑक्टोपॅडला त्या पुरतील. ॲल्युमिनियम निघाले तर भंगारवाल्याला द्यावे.